दोन हातांचा वाइड

वाइड म्हणजे चौडा, हे मी सव्वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. जबलपुरात घमापुरच्या एका हिंदी शाळेत मी तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवायची. नदी वाइड, सडक वाइड, हत्तीची पाठ वाइड. पोरं हात पसरून ओरडायची आणि माझं डोकं उठायचं. शब्द एवढासा, पण त्याला कामं किती, बाप्पा. दाताचा डॉक्टर म्हणतो, तोंड वाइड खोलिए. लग्नातला फोटोवाला मागे सरकत सरकत नालीत पडायला येतो, काहून तं त्याला अख्खं खानदान वाइडमध्ये पाहिजे. तीन वर्षांमागे आमच्या गल्लीत वाइडनिंग झालं. सडक चौडी झाली आणि आमच्या दारासमोरचा ओटा गेला. मी संध्याकाळी तिथं मेथी निवडत बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलायची. आता दार उघडलं की समोर ऑटो.

पण आमच्या घरात वाइड म्हटलं की एकच माणूस समजायचा. आमचे घाटोळे. पुंडलिक घाटोळे, वय सहासष्ट, फॅक्टरीतून रिटायर झालेले टर्नर, आणि पस्तीस वर्षांपासून दर रविवारी मैदानावर उभे राहणारे अंपायर. ते बोलतात कमी. जेवताना कोणी फालतू बोललं तर घास ताटात ठेवतात आणि दोन्ही हात आडवे पसरतात. झाला वाइड. त्यावर वाद नाही. आमच्या प्रणोतीला पाहायला एकदा कटनीकडचे लोक आले होते. मुलाचा बाप म्हणाला, "हमें तो कुछ नहीं चाहिए, बस लड़के को एक गाड़ी हो जाए." घाटोळ्यांनी बसल्या जागी हात पसरले. त्या माणसाला वाटलं, हे गळाभेटीसाठी बोलवून राहिले. तो उठून गळ्यात पडला. प्रणोती आत पोटाला धरून हसत होती. लग्न अर्थातच मोडलं, आणि बरं झालं.

सासरे काटोलकडचे. फॅक्टरीत लागले म्हणून जबलपूरला आले आणि इथंच राहिले. घाटोळेही त्याच फॅक्टरीत चिकटले. फॅक्टरीच्या कॉलनीच्या टीममध्ये ते तीन वर्षं नवव्या नंबरवर खेळले. एका रविवारी अंपायर आला नाही. कॅप्टन म्हणाला, तू असाही काही करत नाहीस, तू उभा राहा. यांनी दुसऱ्या कोणाचा तरी पांढरा कोट अंगात घातला आणि उभे राहिले. त्या दिवशी यांनी त्याच कॅप्टनला पायचीत दिलं. पुढं कधी बॅट हातात घेतली नाही.

मी त्या मैदानावर कशी पोहोचले, ते सांगते. प्रणोती चार वर्षांची होती. मैदानावर रन लिहिणारा माणूस सिहोऱ्याला बदली होऊन गेला. घाटोळे घरी येऊन म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, एक रविवार बसशील का. त्या एका रविवाराला आता एकोणतीस वर्षं झाली. सकाळी साडेपाचला उठायचं, पुऱ्या करायच्या, थर्मास भरायचा, यांचा कोट इस्त्री करायचा, आणि टेबलावर जाऊन संध्याकाळपर्यंत चौकोनात आकडे भरायचे. शेजारणी रविवारी केस धुतात, भेडाघाटला जातात, दुपारी झोपतात. मी आणि माझी पेन्सिल उन्हात.

इशारे मात्र मला पाठ झाले. दोन्ही हात आडवे पसरले की वाइड, म्हणजे बॉल बॅट्समनच्या आवाक्याबाहेर गेला, समोरच्या टीमला एक रन फुकट. एकच हात आडवा केला की नो-बॉल, म्हणजे बॉलरची चूक. तिथंही एक रन, वर आणखी एक बॉल असा की त्यावर आउट होण्याची भीती जवळजवळ नाही. अंपायरने इशारा केला की स्कोअर लिहिणाऱ्याने हात वर करून सांगायचं, पाहिलं. नवऱ्याला एका दिवसात पन्नास वेळा 'हो, पाहिलं' म्हणणारी दुसरी बायको या शहरात असेल तं दाखवा.

दोन वर्षांमागे यांचा डावा खांदा धरला. शुगर आहेच. डॉक्टर म्हणाला, फ्रोझन शोल्डर, हळूहळू सुटेल. व्यायाम सांगितला. भिंतीजवळ उभं राहून दोन बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची, जिथं थांबतील तिथं पेन्सिलने खूण करायची. आमच्या पलंगामागच्या भिंतीवर त्या खुणा आहेत. पहिल्या महिन्यात त्या वर गेल्या. मग एकाच उंचीवर थांबल्या. मग खाली यायला लागल्या. मी रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून चोळून द्यायची आणि हे दात आवळून बसायचे. शर्टाची डावी बाही मीच चढवायची. लहान पोराला घालतात तसं आधी दुखरा हात, मग बरा हात.

रविवार मात्र सुटला नाही. डावा हात कमरेच्या थोडा वर यायचा, उजवा पूर्ण. म्हणजे दीड हाताचा वाइड. मैदानावरच्या खेळाडूंना काही अडचण नव्हती, कारण हे "वाइड" असं मोठ्याने म्हणायचे. टेबल लांब असल्यामुळे मला ऐकू यायचं नाही, पण तो अर्धा हात मला कळायचा. बाकी कोणाला ठाऊक असेल तर फक्त अपूर्वला. अपूर्व बँकेत आहे, यांच्या अर्ध्या वयाचा, समोरच्या बाजूला अंपायर म्हणून तोच उभा राहतो. तो कोणाला बोलला नाही.

यंदा कमिटीचा सेक्रेटरी शशिकांत एक फॉर्म घेऊन आला. शशिकांत शहरातल्याच गढा भागातला, माणूस चांगला, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो. पासष्टच्या वरच्या अंपायरने भरून द्यायचा होता. नजर ठीक आहे का, कान ठीक आहेत का, दोनों हाथ पूरे उठते हैं क्या. घाटोळे आंघोळीला गेले होते. शशिकांत दारातच उभा होता, म्हणाला, "काकू, तुम्हीच भरून द्या, तुमचं अक्षर छान आहे." माझ्या अक्षराने माझं आयुष्य खाल्लं. मी तिन्ही ठिकाणी 'हाँ' लिहिलं.

काहून लिहिलं, तेही सांगते. फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा हा माणूस पंधरा दिवस बंद टीव्हीसमोर बसून राहिला होता. चालू नाही, बंद. मी म्हणायची, लावून तरी द्या. ते म्हणायचे, राहू दे. शनिवारी संध्याकाळी फक्त उठायचे आणि पांढऱ्या बुटांना पॉलिश करायचे. ते मी पाहिलं होतं. मैदान सुटलं तर हा माणूस घरात बसून संपून जाईल, अशी मला भीती वाटली. माझं मन तं त्या मैदानावरून कधीचंच उडालं होतं. कंबर धरायची, डोळे चुरचुरायचे. पण माझ्या कंबरेसाठी त्यांना त्या टीव्हीसमोर कसं बसवू?

डिसेंबरातल्या एका रविवारी फायनल होती. आमची फॅक्टरीची कॉलनी आणि गढ्याची टीम. सकाळी कोट चढवताना डावा हात वरच येईना. कमरेपर्यंतही नाही. नुसता लोंबून राहिला. मी म्हटलं, "आज नका जाऊ. अपूर्व कोणाला तरी आणेल."

"फायनल आहे," घाटोळे म्हणाले.

"हात उठून नाही राहिला तुमचा."

"गोळी घेतो. दहा वाजेपर्यंत उठेल."

मी फोन हातात घेतला होता. शशिकांतचा नंबरही काढला होता. मग यांचं तोंड पाहिलं, बुटांची नाडी एका हाताने बांधायची धडपड पाहिली, आणि फोन पर्समध्ये टाकून खाली बसले नाडी बांधायला. तेव्हाच फोन केला असता तं पुढचं झालं नसतं.

दहा वाजले, अकरा वाजले, हात काही उठला नाही. पण नशीब म्हणा, यांच्या बाजूने सकाळभर वाइड फारसे पडलेच नाहीत. दोन पडले तेव्हा यांनी जोरात ओरडून सांगितलं आणि उजवा हात थोडासा फिरवून वेळ मारून नेली. मी लिहून घेतलं. दुपारी कॉलनीची बॅटिंग आली आणि गर्दी वाढली. कॉलनीच्या पोरांनी ढोल आणला होता. मंगोडेवाल्याची, म्हणजे मुगाच्या भज्यांची, गाडी माझ्या टेबलाला चिकटून उभी राहिली, त्याच्या तेलाचा धूर माझ्या वहीवर.

शेवटचा बॉल उरला तेव्हा हिशोब असा होता. कॉलनीला जिंकायला तीन रन पाहिजे होते आणि विकेट एकच उरली होती. समोर गौरांग. कॉलनीतलाच, घाटोळ्यांच्या जुन्या दोस्ताचा मुलगा, लहानपणी आमच्या घरी पोहे खाऊन शाळेत गेलेला. बॉलरने बॉल पायांच्या बाजूने लांब टाकला. गौरांग पुढं धावत निघाला, बॅट फिरवली, बॉल सापडला नाही. मागं कीपरने बॉल धरला आणि दांड्या उडवल्या. गौरांग रेषेच्या बाहेर होता. बाजूला उभ्या अपूर्वने बोट वर केलं. स्टंप आउट.

बॉल वाइड होता. मला टेबलावरूनही दिसलं. आणि इथं नियम समजून घ्या, बाकी काही नाही समजलं तरी चालेल: वाइडवर माणूस स्टंप आउट होतो. नो-बॉलवर होत नाही. म्हणजे वाइड दिला तर कॉलनीला एक रन मिळेल, पण शेवटची विकेट गेली, मॅच हरली. नो-बॉल दिला तर एक रन मिळेल, गौरांग नाबाद राहील, आणि हातात आणखी एक बॉल.

घाटोळ्यांनी उजवा हात पसरला. डावा जागचा हलला नाही. तोंडाने ते म्हणाले असतीलच, पण ढोल एवढा वाजत होता की त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नसेल. अख्ख्या मैदानाला एकच हात दिसला.

कॉलनीची पोरं आत धावली. कोणी गौरांगला उचललं. "नो-बॉल, भाई, नो-बॉल है!" गढ्याचा कॅप्टन तनय घाटोळ्यांकडे पळत आला आणि जमिनीकडे बोट दाखवून विचारायला लागला, "दादा, पैर तो अंदर था, नो-बॉल कैसे?" मंगोडेवाला झारा हातात धरून तसाच उभा राहिला. शशिकांत माझ्या मागे येऊन म्हणाला, "काकू, नो-बॉल लिहा, एक रन."

मी लिहिलं नाही. माझी पेन्सिल चौकोनावर थांबून राहिली. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात बॉल नव्हता, गौरांग नव्हता. मनात एवढंच होतं की यांनी गप्प राहावं. गप्प राहिले तर हात कोणाला कळणार नाही. मैदान सुटणार नाही. घाटोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या लांबून चेहरा काय दिसणार, पण मान माझ्याकडे होती. मी हात वर केला नाही.

मग त्यांनी अपूर्वला बोलावलं. तिथं मधे कोण काय बोललं ते मला नंतर अपूर्वने सांगितलं. म्हणाले, "इसको पकड़ और सीधा कर."

अपूर्व म्हणाला, "दादा, दुखेल."

"कर."

अपूर्वने त्यांचा डावा हात मनगटाला आणि कोपराला धरला आणि हळूहळू वर घेतला. ढोल थांबला. मला वाटते आधी ढोलवाल्यालाच दिसलं. घाटोळ्यांचं तोंड वाकडं झालं, पण त्यांनी उजवा हात आपल्याच जोराने पसरला आणि डावा अपूर्वच्या हातात आडवा झाला. तसे ते उभे राहिले. मी हात वर करून सांगितलं, पाहिलं. तेव्हा कुठं अपूर्वने तो हात खाली ठेवला. ठेवताना यांच्या तोंडून आवाज निघाला, तो टेबलापर्यंत आला.

मग ते दोन्ही कॅप्टनला म्हणाले, "वाइड था. मेरा हाथ दो साल से खराब है, इसलिए एक उठा. गौरांग आउट है." जिंकलेल्या गढ्याच्या पोरांनीही लगेच उड्या मारल्या नाहीत. गौरांगच पहिल्यांदा बोलला. "काका, एक ही हाथ रहने देते. किसका क्या जाता?"

"बॉल वाइड होता, बेटा," घाटोळे म्हणाले. त्याच्याशी ते नेहमी मराठीतच बोलायचे.

गौरांग बॅट ओढत निघून गेला. कॉलनीच्या लोकांनी आमच्याकडे पाहणं सोडलं. तीस-तीस वर्षांची ओळख, कोणी थर्मासही उचलून दिला नाही. ढाल वगैरे वाटून झाल्यावर शशिकांत माझ्याजवळ आला. त्याच्या हातात तोच फॉर्म होता. तो त्याने माझ्यासमोर धरला.

मी म्हटलं, "हो. मीच खोटं लिहिलं."

"आता मला पुढच्या सीझनला..." तो अडखळला.

"नवीन माणूस पाहा," घाटोळे म्हणाले. "काकूंच्या जागीही पाहून घ्या."

घरी आल्यावर मी कोट उतरवायला घेतला. आधी बरा हात, मग दुखरा. दुखरा हात सुजून गरम झाला होता. मी एवढी चिडले की विचारू नका. मी म्हटलं, "कमाल करता तुम्ही. मी तुमच्यासाठी खोटं लिहून दिलं. दोन वर्षं या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. कंबर मोडेपर्यंत त्या टेबलावर बसले. काहून तं तुमचं मैदान सुटू नये. आणि तुम्ही चार लोकांत उभे राहून सांगून मोकळे झाले."

घाटोळे पलंगावर बसले.

"माझ्यासाठी?" ते म्हणाले.

"मग कोणासाठी?"

"मी तं मागच्या वर्षीच सोडणार होतो. उभं राहवत नाही आता. पाय भरून येतात. बारा वाजता वाटते, कोणी खुर्ची द्यावी."

"मग सोडलं काहून नाही?"

त्यांनी दुखरा हात उचलून मांडीवर ठेवला. माणूस बोलण्यातला नाही, म्हटलंच आधी.

"तुझी शाळा सुटली," ते म्हणाले. "प्रणोती पुण्याला गेली. दिवसभर तू घरात कोणाशी बोलत नाहीस. एक रविवारी तेवढी त्या टेबलावर बसतेस तं पोरांना डाफरतेस, मंगोडेवाल्याशी भांडतेस, हसतेस. मी तिकडून पाहून राहायचो. मी गेलो नाही तर तुला कोण बोलावते तिथं? म्हटलं, दुखून राहिला हात तं दुखू दे."

मी तेल कोमट करायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि गॅससमोर उभी राहून रडले. एकोणतीस वर्षांत मला त्या टेबलावर बसायला आवडत होतं की नव्हतं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही. यांनी लांबून पाहून ठरवलं की आवडते. मीही यांच्याबद्दल तसंच ठरवून टाकलं. दोघंही थकलेले, आणि दोघंही एकमेकांना दर रविवारी साडेपाचला उठवून राहिलो होतो.

"सुनेत्रा," बाहेरून घाटोळ्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी काय करायचं?"

तेल जास्तच गरम झालं होतं. मी गॅस बंद केला, वाटी फडक्याने धरून बाहेर आले आणि म्हटलं, "आधी साडेपाचला उठणं बंद. मग पाहू."